तिची सुखसाता कोण विचारणार?

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी पाठवताना रुग्णालयातून जो कागद हाती मिळतो, त्यावर बरेच काही लिहिलेले असते. रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्यांच्या वेळा, मीठ कमी, फिजिओथेरपी रोज, पुढील तपासणी अमुक तारखेस. ही सर्व कामे घरी कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव लिहिण्याची जागा मात्र त्या कागदावर नसते. घरी आल्यावर तो प्रश्न कोणी काढीतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जी व्यक्ती सर्वांत आधी रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहते, तिच्याकडे ते काम न बोलता जाते आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याचकडे राहते. आपल्या व्यापारी कुटुंबांत ती व्यक्ती बहुधा पत्नी किंवा सून असते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशातील माणसे आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. घरातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये २७.६ टक्के, तर पुरुषांमध्ये १४ टक्के आढळले. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे. या आकड्यांत मुलांचे संगोपनही आले. ज्या घरात पक्षाघाताचा रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे, तेथे मिनिटांचा हिशेब पुरत नाही. तेथे संपूर्ण दिवस आणि अर्धी रात्रच मोजावी लागते.

तयारीला वेळ न देणारा आजार

इतर पुष्कळ आजार हळूहळू वाढतात आणि घराला सावरण्यास अवधी देतात. पक्षाघात तसा अवधी देत नाही. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि सकाळी दुकानाचे शटर उघडणारा माणूस दुपारी अतिदक्षता विभागात असतो. आठ-पंधरा दिवसांनी तो घरी येतो, तेव्हा त्याच्यासाठी काय काय शिकावे लागणार आहे याची घरातील कोणालाच कल्पना नसते.

शिकण्यासारखे मात्र पुष्कळ असते. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून कधीही ओढायचे नसते, कारण स्नायूंची पकड गेलेला खांदा सांध्यातून सरकतो आणि ते दुखणे महिनोन्महिने टिकते. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारणपणे दर दोन तासांनी वळवावे लागते. नाहीतर माकडहाड, टाचा आणि खुबे येथे जखमा होतात. घास गिळताना ठसका लागत असेल, तर पाण्यासारखा पातळ पदार्थ अधिक धोक्याचा ठरतो, कारण तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून अन्न किती दाट हवे, हे वाचा व गिळणे यांच्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे लागते. रुग्णाला निजलेल्या स्थितीत भरवू नये, ताठ बसवून लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर काही वेळ तसेच बसू द्यावे. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. परंतु ती कोणीतरी दाखवावी लागते आणि आपल्यासमोर करून घ्यावी लागते. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वी दोन दिवस घरातील किमान दोघांनी, त्यांत एक पुरुष असावा, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याजवळ उभे राहून या क्रिया स्वतःच्या हातांनी करून पाहाव्यात.

अशा शिक्षणाचा उपयोग किती, याचाही अभ्यास झाला आहे. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात पक्षाघाताच्या ३०० रुग्णांचे नातेवाईक सामील होते. रुग्णाला हलवणे, त्याची शुश्रूषा आणि दैनंदिन मदत यांचे शिक्षण ज्यांना मिळाले, त्यांच्यावरील ताण कमी राहिला, चिंता व नैराश्य कमी दिसले आणि वर्षभराचा एकूण खर्चही घटला. त्यानंतर आपल्या देशात १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर याहून मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यात कुटुंबीयांना शिकवून घरच्या घरी पुनर्वसनाचा भार त्यांच्याकडे दिला होता. सहा महिन्यांनी पाहिले, तर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के निघाले. या दोन अभ्यासांवरून मी एवढेच समजतो की, शिकवल्याने सांभाळणाऱ्याचा भार हलका होऊ शकतो. परंतु सुनेला चार व्यायाम शिकवले म्हणजे फिजिओथेरपिस्ट बंद करता येतो, असा हिशेब कोणी मांडू नये.

न दिसणारे बदल

लुळा हात सर्वांना दिसतो. मेंदूतील इतर बदल दिसत नाहीत आणि त्यांचा चटका सांभाळणाऱ्याला बसतो. डाव्या मेंदूला इजा झाली की पुष्कळदा उजवी बाजू लुळी पडते आणि भाषाही जाते. याला वाचाघात म्हणतात. रुग्णाला काय हवे ते मनात स्पष्ट असते, पण शब्द सापडत नाही. ‘पाणी’ म्हणायचे असते आणि तोंडातून ‘पुस्तक’ निघते. उजव्या मेंदूला इजा झाली, तर काही रुग्णांच्या ध्यानातून जगाची डावी बाजूच निघून जाते. असा रुग्ण ताटातील उजवीकडचे सारे संपवतो, डावीकडची भाजी तशीच राहते, आणि घरातले म्हणतात, ‘हल्ली फार नखरे करतात.’ काही जणांना कारण नसताना रडू किंवा हसू कोसळते. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. त्यावर उपचार आहेत, पण ते आधी ओळखावे लागते.

ज्याने पन्नास वर्षे पेढीवर शब्द चालवला, त्याला लघवीसाठी सुनेला हाक मारावी लागते. तो चिडतो आणि पुष्कळदा तिच्यावरच चिडतो, कारण जवळ तीच असते. हा राग मेंदूच्या इजेचाही भाग असू शकतो, हे डॉक्टरांनी सर्व कुटुंबाला एकत्र बसवून सांगितले पाहिजे. एरवी रुग्ण ओरडला की त्याचा दोष सेवा करणारीच्या माथी येतो.

एका घराची रोजकीर्द

माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील वगळून, येथे देतो. कापडाचे जुने दुकान, दोन मुलगे, दोन सुना. सत्तरीकडे झुकलेल्या कर्त्या गृहस्थांना पक्षाघात झाला. उजवी बाजू आणि वाचा गेली. त्यांच्या पत्नीचे गुडघे निकामी, म्हणून सारे थोरल्या सुनेकडे आले. ब्युरोतून एक मावशी ठेवली होती, ती सकाळी आठ ते रात्री आठ. ‘बाई ठेवली आहे ना,’ एवढ्या वाक्यावर घरातील पुरुष निश्चिंत होते. दीड वर्षाने त्या सूनबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. तपासणीत रक्तदाब फार वाढलेला निघाला. त्यांना स्वतःच्या गोळ्या होत्या. परंतु त्या संपून महिना झाला होता आणि आणायच्या राहून गेल्या होत्या. सासऱ्यांची एकही गोळी त्या दीड वर्षात चुकलेली नव्हती.

त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी एक साधी सूचना केली. आठवडाभर या बाई केव्हा काय करतात, ते धाकट्या मुलाने वहीत वेळेसह लिहावे. दुकानाची रोजकीर्द लिहिणाऱ्या हाताला हे अवघड नव्हते. आठ दिवसांनी वही सर्वांसमोर वाचली गेली, तेव्हा घराला प्रथमच काही गोष्टी कळल्या. रात्री आठनंतर मावशी नसते आणि त्या रात्री तीन-चार वेळा उठतात. दुपारी दीड ते तीन ही त्यांची पडण्याची वेळ, आणि नेमक्या त्याच वेळी आठवड्यातून चार दिवस कोणी ना कोणी सुखसाता विचारायला आले. प्रत्येक वेळी चहा झाला, प्रत्येक वेळी रुग्णाला उठवून बसवले गेले. आठ दिवसांत त्या एकदाही उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या, आणि आठ दिवसांत कोणी त्यांना ‘तुम्ही कशा आहात’ असे विचारल्याची नोंद नव्हती.

त्यानंतर फार मोठे काही घडले नाही. दोन्ही मुलांनी आठवड्यातील दोन-दोन रात्री वडिलांच्या खोलीत झोपण्यास सुरुवात केली. भेटीची वेळ सायंकाळी पाच ते सहा अशी दाराशी लिहून लावली. धाकट्या सुनेने औषधांचा साठा आणि डॉक्टरांच्या तारखा आपल्याकडे घेतल्या. सासरे आजही परावलंबी आहेत. थोरल्या सूनबाई मात्र सलग झोपतात.

सांभाळणाऱ्याची प्रकृती ही गौण बाब नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात ६६ वर्षांवरील पती किंवा पत्नींची चार वर्षे पाहणी करण्यात आली. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. जोडीदाराची देखभाल करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण असा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. परदेशातील हा आकडा आपल्या घरांना जसाच्या तसा लावता येणार नाही; पण खाटेवरच्या एका रुग्णामागे घरात दुसरा रुग्ण तयार होऊ शकतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

सही, पैसा आणि अधिकार

बँकेच्या शाखेत असताना या आजाराची दुसरी बाजू मी काउंटरच्या आतून पाहिली आहे. चालू खाते मालकाच्या एकट्याच्या नावावर, सही करणारा उजवा हात लुळा, आणि मुलगा म्हणतो, ‘मी नॉमिनी आहे.’ नामनिर्देशन मृत्यूनंतर उपयोगी पडते. खातेदार हयात असेपर्यंत नॉमिनीला पैसे काढता येत नाहीत. संयुक्त खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सूचना असेल, तर दुसऱ्याच्या सहीने व्यवहार चालतो. हे काम आजारपणापूर्वी पाच मिनिटांचे असते आणि आजारपणानंतर पाच महिन्यांचे होते.

तरीही मार्ग बंद होत नाही. आजारी व अपंग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सही करता येत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या माहितीतील दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल, तर कोणतीही खूण याच रीतीने घेता येते. सत्तर वर्षांवरील, तसेच आजारी व अपंग ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केलेली आहे. शाखेत याविषयी लेखी अर्ज द्यावा.

मुखत्यारपत्राविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करून देणाऱ्याची बुद्धी शाबूत असतानाच ते करता येते, आणि पुढे बुद्धी कायमची गेली की भारतीय करार कायद्याप्रमाणे तो अधिकार संपतो. परंतु वाचा जाणे म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. ज्याला समजते आणि जो खुणेने होकार-नकार देऊ शकतो, त्याच्या बाबतीत डॉक्टरांचा दाखला घेऊन वकिलाच्या सल्ल्याने वेळीच कागद करून घ्यावेत. रुग्ण बेशुद्धच असेल, तर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केलेल्या आहेत.

प्रकृती स्थिरावल्यानंतर अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरील ओळखपत्र काढून घ्यावे. प्राप्तिकर कायदा १९६१ मधील कलम ८० डीडी प्रमाणे अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट जुन्या करपद्धतीत दिलेली आहे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या विवरणपत्रातही कुटुंबातील सदस्यासाठी ती घेता येते. आता नवा प्राप्तिकर कायदा आल्याने सध्याचे कलम व नियम आपल्या सनदी लेखापालाकडून पाहून घ्यावेत.

या सर्वांहून महत्त्वाची बाब घरातल्या घरात सुटण्यासारखी आहे. डायपर, हातमोजे, मलम, मावशीचा पगार, फिजिओथेरपिस्टची फी या प्रत्येक खर्चासाठी सेवा करणाऱ्या स्त्रीला दुकानात फोन करून पैसे मागावे लागतात. लाखांची उलाढाल असलेल्या घरातही हे चालते. तिच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरलेली रक्कम जमा व्हावी, ती न विचारता खर्च करण्याचा तिला अधिकार असावा, आणि त्यात तिच्या स्वतःच्या औषधोपचाराची तरतूद वेगळी असावी. ज्याच्यावर जबाबदारी आहे, त्याला खर्चाचा अधिकार हवा, हा कोणत्याही पेढीचा नियम आहे. नेहमीच्या आरोग्य विम्यातून घरच्या मदतनिसाचा दीर्घकाळाचा पगार सहसा मिळत नाही. म्हणून ही तरतूद कुटुंबालाच करावी लागते.

व्रत, नियम आणि वैयावृत्त्य

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. सायंकाळनंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम रुग्णाने आयुष्यभर पाळलेला असतो आणि डॉक्टर रात्री नऊची गोळी लिहून देतात. नियम मोडला म्हणून रुग्ण दुखावतो, गोळी चुकली म्हणून मुलगा रागावतो, आणि मध्ये सून सापडते. हा निर्णय तिच्यावर सोडू नये. घरातील वडीलधाऱ्याने औषधाच्या वेळा बदलता येतील का ते डॉक्टरांना विचारावे, आणि आजारपणातील आगारांविषयी महाराज साहेबांना विचारावे. दोन्हीकडून स्पष्ट उत्तर मिळते आणि रुग्णाचे मनही निवते. पर्युषणात अठ्ठाई करू इच्छिणाऱ्या सूनबाईंचीही तीच गोष्ट. त्या आठ दिवसांत रुग्णाला उचलण्याचे काम दुसऱ्या कोणी घेतले, तरच तिची तपश्चर्या निर्विघ्न होईल.

आपल्या शास्त्रात आभ्यंतर तपांचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि वैयावृत्त्य हे त्यांपैकी एक आहे. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्यात ‘ग्लान’, म्हणजे रोगी, वेगळा गणला आहे. हा विचार मुख्यतः साधुसंघाच्या संदर्भात आला असला, तरी गृहस्थाने त्यातून बोध घ्यावा. उपवास एकाच्या वतीने दुसरा करू शकत नाही. मग वैयावृत्त्याचे तप तेवढे संपूर्ण घराच्या वतीने एकट्या सुनेने करावे, हे कसे चालेल?

बैठक केव्हा घ्यावी

रुग्ण घरी आल्यापासून आठ दिवसांच्या आत कुटुंबाने एकत्र बसावे. विवाहित मुलींनाही बोलवावे. दुरून सूचना करण्याऐवजी त्यांना महिन्यातील दोन-तीन दिवस आपल्याकडे घेता येतात. चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : रात्री कोण, पैसा कोणाच्या खात्यात, सेवा करणाऱ्या व्यक्तीची आठवड्यातील सुट्टी कोणती, आणि ती आजारी पडल्यास तिच्या जागी कोण. दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा वाचावा, कारण रुग्णाची स्थिती बदलते आणि माणसे थकतात. बाहेरची मदतनीस ठेवली असेल, तर तिचीही वेळ, जेवण आणि सुट्टी त्याच कागदावर यावी; तीही थकणारी व्यक्ती आहे.

समाजाच्या संस्थांनाही यात वाव आहे. चाकाची खुर्ची, मागून उचलता येणारी खाट, हवेची गादी ही साधने काही ठिकाणी अनामत घेऊन वापरायला मिळतात. महिला मंडळांनी त्याला जोडून वर्षातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडून प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्याला पुरुषांनीही यावे. ज्यांच्याकडे वेळ आहे, अशा निवृत्तांची यादी करावी. आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसणे एवढेच त्यांचे काम. माझ्यासारखे सेवानिवृत्त लोक हे सहज करू शकतात.

आणि हे सारे उभे राहीपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल. पक्षाघाताच्या रुग्णाला भेटायला जाताना आधी फोन करून वेळ विचारावी. गेल्यावर चहा नको म्हणावे. रुग्णाशी दोन शब्द बोलून झाले की घरातील त्या भगिनीची सुखसाता विचारावी आणि म्हणावे, ‘तुम्ही दोन तास बाहेर जाऊन या, तोवर मी येथे बसतो.’